चुकीच्या खिडकीत

ते वाक्य असं होतं : अमक्याला अजून स्वतंत्रपणे काम सोपवता येईल असं वाटत नाही.

'अमक्या'च्या जागी त्याचं नाव होतं. मी ते वाक्य वर्डच्या फाइलमध्ये लिहीत होते. उमटलं ते आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर, दुपारी सव्वातीनला. ग्रुपवर आम्ही नऊजण आहोत आणि त्यात तोही आहे. तो माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे बसतो.

मी कागदाकडे बघून टाइप करत होते. सहा महिन्यांचा प्रोबेशन संपत आला होता, त्याच्याबद्दलचं टिपण संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. मुद्दे सकाळीच वहीत काढून ठेवले होते, ते उतरवून घेणं एवढंच काम. पहिला मुद्दा टाइप केला, एंटर मारला, दुसरा सुरू केला आणि मान वर केली. वर्ड मागे गेलं होतं. समोर चॅटची खिडकी होती. तिच्यात माझं वाक्य पाठवलं गेलेलं आणि खाली दुसऱ्या मुद्द्याचे चार शब्द कर्सरपाशी अर्धवट उभे.

डिलीट करायला मला फार तर चाळीस सेकंद लागले असतील. पण डिलीट केलेल्या मेसेजच्या जागी 'हा मेसेज काढून टाकला आहे' अशी ओळ राहतेच. ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनाही कळलं, की वाचण्यासारखं काहीतरी होतं. त्याने वाचलं होतं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, ते मी पाहिलं.

*

कॉम्प्युटरच्या भाषेत याला 'फोकस' जाणं म्हणतात. पडद्यावर दहा खिडक्या उघड्या असोत, कीबोर्ड एकच असतो. तुम्ही दाबलेलं अक्षर कोणाला द्यायचं, हे ठरवावं लागतं. ज्या खिडकीला ते मिळतं, तिच्यावर फोकस आहे असं म्हणायचं. फोकस असलेल्या खिडकीची वरची पट्टी जरा ठळक दिसते, कर्सर तिथे लुकलुकतो, आणि बाकी सगळ्या खिडक्या बहिऱ्या असतात. आता एखादा प्रोग्राम तुम्ही न बोलावता पुढे आला आणि त्याने फोकस घेतला, तर तुमची बोटं चालूच राहतात, फक्त अक्षरं दुसऱ्याच्या ताटात पडतात. कधी पासवर्डची चार अक्षरं चॅटमध्ये. कधी एखाद्या परिच्छेदातला एंटर 'आता रीस्टार्ट करायचं का?' या प्रश्नाला 'हो' म्हणून जातो. प्रश्न तुम्ही वाचलेलाही नसतो.

मी टायपिंग शिकले ते सांगलीत, एका गल्लीतल्या इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे लोखंडी टाइपरायटर होते. सरांचा एकच नियम होता : बोटांकडे बघायचं नाही, मशिनच्या कागदाकडे बघायचं नाही, बघायचं फक्त समोरच्या उताऱ्याकडे. बघितलं की ते पाठीमागून पट्टीने टेबलावर टकटक करायचे. त्या शिस्तीमागे एक गृहीत होतं, ते तेव्हा कोणी बोलून दाखवलं नाही, कारण गरजच नव्हती : रुळावर लावलेला कागद जागचा हलत नाही. अक्षर चुकेल, पण ते दुसऱ्याच कागदावर जाऊन पडणार नाही. मी ती शिस्त घेऊन कॉम्प्युटरवर आले. गृहीत मागे राहिलं, हे मला कळायला इतकी वर्षं लागली.

मॅकिन्टॉशच्या प्रकल्पाची सुरुवात करणाऱ्या जेफ रॅस्किन यांनी २००० साली 'द ह्यूमेन इंटरफेस' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा असा, की माणसाचं अवधान एका वेळी एकाच ठिकाणी असतं, आणि यंत्राची अवस्था त्या ठिकाणापासून दूर कुठेतरी गुपचूप बदलली, की चूक होणारच. ती माणसाच्या बेफिकिरीतून येत नाही. माणूस असाच घडलेला आहे. मला हे वाचून तेव्हा बरं वाटलं होतं. आता लगेच बरं वाटून घ्यायची मला भीती वाटते. का, ते सांगते.

*

पाच मिनिटांनी मी त्याच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "अरे, ते चुकून गेलं. मी दुसरीकडे टाइप करत होते, मध्येच चॅट पुढे आलं."

तो म्हणाला, "गेलं चुकून, ताई. लिहिलं चुकून नव्हतं ना?"

आवाज चढवला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, तो पहिलाच मुद्दा होता, पुढे चांगलंही लिहिलं आहे. ते खरं होतं. वहीतला दुसरा मुद्दा त्याच्या शुद्धलेखनाबद्दल होता, आणि आमच्या भाषांतर-अक्षरजुळणीच्या कामात त्याच्याइतकं चोख शुद्धलेखन दुसऱ्या कोणाचंच नाही. तो म्हणाला, "मग पहिला मुद्दा तोच का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी जागेवर आले आणि जे उत्तर शोधता येण्यासारखं होतं त्याच्या मागे लागले : फोकस कोणी घेतला?

*

चॅटच्या प्रोग्रामचं फोल्डर उघडलं. त्यातल्या फाइलींवर त्याच दिवशीची वेळ होती, तीन वाजून चौदा मिनिटं. म्हणजे त्याने स्वतःला अपडेट केलं, स्वतःला बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि शेवटी जो ग्रुप उघडा होता त्याच्या लिहायच्या चौकोनात कर्सर ठेवून तो पुढे येऊन उभा राहिला. चोर सापडला. पण तेवढ्याने जमेना. कारण अधूनमधून दोन-तीन अक्षरं गिळली जाण्याचा प्रकार मला महिनोन् महिने जाणवत होता. मी तो कीबोर्डच्या माथी मारून एक कीबोर्ड बदललाही होता.

अशा वेळी अंदाज करत बसण्यापेक्षा पाळत ठेवावी. मी एक दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट चालू करून ठेवली. दर पाव सेकंदाला ती विंडोजला विचारायची, 'आत्ता पुढे कोण आहे?' आणि नाव बदललं की वेळेसकट टिपून ठेवायची. दोन दिवसांत यादी तयार झाली. वर्ड, ब्राउझर, वर्ड, आणि मध्येच कुठेतरी एक नाव, अर्ध्या सेकंदापुरतं. प्रिंटरबरोबर आलेला, शाई किती उरली ते बघणारा एक प्रोग्राम. त्याची खिडकी डोळ्यांना दिसतच नव्हती. तो यायचा, फोकस घ्यायचा, बघून जायचा. तेवढ्यात माझी जी दोन अक्षरं निसटायची, ती त्याच्या पोटात. विंडोज सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्यांच्या यादीतून त्याला काढलं आणि अक्षरं गिळली जाणं थांबलं.

तरीही एक प्रश्न उरला. एवढ्या सहज कोणीही पुढे येऊ शकतं का? नाही. विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून त्यासाठी एक कुलूप आहे. जो प्रोग्राम तुम्ही आत्ता वापरत नाही, त्याने पुढे यायचा प्रयत्न केला तर त्याला अडवायचं, आणि त्याचं टास्कबारवरचं बटण नुसतं लुकलुकवायचं. तुम्ही शेवटची कळ दाबल्यापासून किती वेळ हे कुलूप बंद ठेवायचं, त्याचा आकडा रजिस्ट्रीत असतो. त्याला 'फोरग्राउंड लॉक टाइमआउट' म्हणतात. मुळात तो २,००,००० मिलिसेकंद असतो, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद.

माझ्या कॉम्प्युटरवर तो शून्य होता.

मी बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसले. कारण तो मीच टाकला होता. काही वर्षांपूर्वी मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं, की ब्राउझर मागेच उघडायचा आणि खाली बटण लुकलुकत राहायचं. मी वैतागले होते. कुठेतरी वाचलं, की हा आकडा शून्य करा, सगळं पटापट पुढे येतं. केला. पटापट येऊ लागलं. आणि मी विसरून गेले. जे कुलूप मला नको असलेल्यांना अडवत होतं, ते कधीकधी मी बोलावलेल्यांनाही अडवत होतं. मला दारातला खोळंबा नको होता, म्हणून मी दारच काढून ठेवलं.

*

हे दार कसं बांधावं, यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी बराच विचार केलेला आहे. तो वाचताना मला आपण शिष्टाचारावरचा एखादा जुना ग्रंथ वाचतोय असं वाटलं.

लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपमध्ये फोकस चोरण्याला किती विरोध करायचा, याच्या पाच पायऱ्या आहेत, 'अजिबात नाही'पासून 'टोकाचा'पर्यंत. लिनक्सच्या जुन्या खिडकी-व्यवस्थेत तर एक फार सूक्ष्म नियम आहे. नवी खिडकी उघडायला तुम्ही कधी सांगितलं, ती वेळ नोंदवली जाते. ती उघडेपर्यंत तुम्ही दुसऱ्या खिडकीत टाइप करू लागला असाल, तर नवी खिडकी मागेच राहते. म्हणजे बोलावणं होतं, पण ते आता शिळं झालं. माणूस दरम्यान दुसऱ्या कामात गुंतला आहे. वेलँड या नव्या व्यवस्थेत पुढे यायचं असेल तर चिठ्ठी लागते, आणि ती चिठ्ठी तुमच्याशी नुकताच ज्याचा व्यवहार झाला अशा प्रोग्रामने आणून द्यावी लागते. मॅकवर २०२३ सालच्या सोनोमापासून असं आहे, की 'मला पुढे येऊ दे' ही नुसती विनंती मानली जाते. पुढे असलेल्याने जागा करून दिली तर काम सोपं होतं. तुमच्या खिशातल्या फोनवरही हेच आहे. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, मागे चालू असलेल्या अ‍ॅपला मनाला येईल तेव्हा स्वतःचा पडदा तुमच्यासमोर उघडता येत नाही. त्याने नोटिफिकेशन द्यावं, दार तुम्ही उघडावं.

या सगळ्यांचा गाभा एकच आहे. पुढे येण्याचा हक्क कामाच्या तातडीवरून मिळत नाही. प्रत्येक प्रोग्रामला आपलं काम तातडीचंच वाटतं; शाई बघणाऱ्यालाही. हक्क मिळतो तो ज्याचं अवधान आहे त्याच्या अलीकडच्या कृतीतून, किंवा त्याने ज्याला हक्क दिला त्याच्याकडून. बाकीच्यांनी कडी वाजवायची आणि थांबायचं.

आपल्याकडे अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी फोड सांगतात. त्याला आपण देव मानतो. पण तो अतिथीही उंबऱ्याबाहेर उभा राहून हाक मारतो. थेट आत येऊन आपल्या ताटात हात घालणाऱ्याला अतिथी म्हणत नाहीत.

मराठीत 'लक्ष' या शब्दाबरोबर तीन क्रियापदं येतात, आणि त्यांत सगळं नीतिशास्त्र आहे असं मला अलीकडे वाटतं. लक्ष 'देतात'. लक्ष 'जातं'. लक्ष 'वेधतात'. देण्यात मी कर्ता आहे. जाण्यात कोणीच कर्ता नाही. वेधण्यात कर्ता दुसराच कोणीतरी आहे, आणि मी निशाणा. लक्ष म्हणजे निशाणासुद्धा, हे भाषेला माहीत होतं.

*

इथपर्यंत आल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हरकत नव्हती. अपडेट कोणी ठरवलं, खिडकी कोणी पुढे आणली, हे सगळं कळलं होतं. शून्य माझं होतं, पण तो काही कट नव्हता, जुना वैताग होता. पाठवण्याचा हेतू तर अजिबातच नव्हता. आणि कर्म म्हणजे मुळात हेतूच, असं बुद्धाच्या शिकवणीत सांगितलं आहे. मग माझ्या नावावर काय उरतं?

बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७६ साली नैतिक नशिबावर एक निबंध लिहिला. त्यात एक लॉरी-ड्रायव्हर आहे. त्याची काहीच चूक नसताना त्याच्या लॉरीखाली एक मूल येतं. सगळे त्याला म्हणणार, तुझा दोष नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तो जर फारच चटकन 'हो, माझा दोष नाही' म्हणून मोकळा झाला, तर आपल्याला त्याच्याबद्दल काहीतरी खटकेल. बघणाऱ्याला जे वाईट वाटतं त्याहून वेगळं असं काहीतरी त्याला वाटायला हवं, कारण ते त्याच्या हातून झालं. दोष नसतानाही 'माझ्या हातून' हे शब्द पुसता येत नाहीत.

मला हे वाचताना दशरथ आठवला. आपल्याला ती गोष्ट श्रावणबाळाची म्हणून सांगतात : कावड, आंधळे आईबाप, पाणी आणायला गेलेला मुलगा. पण रामायणात ती दशरथ सांगतो, मरणाच्या दारात, कौसल्येला. तो शब्दवेधी होता. न बघता, नुसत्या आवाजावर बाण सोडायचा. अंधारात घडा भरल्याचा बुडबुड आवाज त्याला हत्तीचा वाटला. नेम चुकला नाही, आवाज जिथून आला तिथेच बाण लागला. फक्त तिथे हत्ती नव्हता.

न बघता नेम साधणं ही विद्या आहे. मलाही तिचा अभिमान आहे, मिनिटाला चाळीस शब्दांचा. पण त्या विद्येची एक अट असते, की समोर कोण आहे हे एकदा तरी बघून घ्यावं. आणि गोष्टीतला मला सगळ्यांत मोठा वाटणारा भाग बाण लागण्याच्या नंतरचा आहे. रात्रीची वेळ, बघणारं कोणी नाही, आईबाप आंधळे. दशरथाला निघून जाता आलं असतं. तो त्या दोघांपुढे गेला आणि म्हणाला, की मी तुमचा मुलगा नाही, आणि हे माझ्या हातून झालं. आवाज हत्तीसारखाच होता हेही त्याने सांगितलं असेल. पण आधी तो गेला.

मी मात्र पाच मिनिटांनी जाऊन पहिलं वाक्य काय बोलले? 'ते चुकून गेलं.'

*

आता राहिला त्याचा प्रश्न. लिहिलं चुकून नव्हतं ना?

यातून एक नियम काढायचा मोह होतो : जे तोंडावर बोलता येणार नाही, ते कुठेच लिहू नये. मी दोन दिवस हा नियम मनात वागवला आणि मला तो पटला नाही. कच्चं लिहायला जागा लागते. वहीत मी कधी रागाने लिहिते, कधी चूक लिहिते, खोडते, आणि त्या खोडण्यातूनच माझं मत माणसात बसण्यासारखं होतं. प्रत्येक खिडकी म्हणजे चव्हाटा असं धरून चाललं, तर माणूस आधी लिहिणं सोडेल आणि मग विचार करणं. शिवाय त्या टिपणात तोलून मांडलेले सहा मुद्दे होते. बाहेर पडला तो एक. सहातला एक मुद्दा म्हणजे सत्याचा सहावा भाग नव्हे. एकटा पडला, की तो वेगळंच काहीतरी सांगतो.

तेव्हा खासगीत लिहिणं ही चूक नव्हती. मुद्दाही खोटा नव्हता, आजही मी तो तसाच लिहीन. मग त्याचे हेडफोन टेबलावर ठेवणं मला अजून का दिसतं?

उत्तर सापडलं तेव्हा ते अगदीच साधं होतं. सहा महिने तो माझ्यापासून दोन टेबलांवर बसत होता. काम हातात घेतल्यावर तो मध्ये अडकतो, विचारत नाही आणि मुदत टळते, हे मला तिसऱ्या महिन्यातच दिसलं होतं. मी ते वहीत लिहिलं. आमच्या साहेबांना सांगितलं. त्याला सांगितलं नाही. वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे ते अवघड दहा मिनिटांचं बोलणं मला टाळायचं होतं. प्रत्येक वेळी माझ्या समोर दुसरी कुठली तरी खिडकी उघडी असायचीच.

म्हणजे ते वाक्य चुकीच्या खिडकीत पडलं, हे खरं आहे. पण ते बरोबर खिडकीत तीन महिन्यांपूर्वीच जायला हवं होतं, हेही खरं आहे. त्याला ते आधीच माहीत असतं, तर त्या दुपारी त्याला अवघडल्यासारखं झालं असतं, जिव्हारी लागलं नसतं. चारचौघांत पडलेलं वाक्य हे त्याच्यासाठी आपल्याबद्दलची पहिली बातमी ठरलं, ते फोकस गेल्यामुळे नाही. ते माझ्यामुळे. खासगीत काय लिहावं याची कसोटी मी आता अशी धरते : शब्द वेगळे असू देत, पण त्यातली गोष्ट त्या माणसाला आपल्याकडून आधी कळलेली आहे का?

शुक्रवारी मी त्याला खाली चहाला नेलं. सुरुवात 'ते चुकून' अशी केली नाही. म्हटलं, हे मी तुला तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं, मी टाळलं. मग सहाही मुद्दे सांगितले. त्याला दोन पटले नाहीत आणि त्यातल्या एकात त्याचं बरोबर होतं; ते काम मीच त्याच्याकडे उशिरा दिलं होतं. टिपणात मी ते बदललं. त्याचा प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढला. तो खूश झाला नाही, आणि होण्याचं कारणही नव्हतं.

रजिस्ट्रीतला आकडा मी पुन्हा २,००,००० केला. आता लिंकवर क्लिक केलं, की ब्राउझर कधीकधी मागेच राहतो आणि खाली नारिंगी बटण लुकलुकतं. मी त्याला लुकलुकू देते. टाइप करताना दर ओळीला एकदा मान वर करते. सांगलीच्या सरांनी त्यासाठी पट्टी वाजवली असती.

परवा तो टेबलाशी आला. काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "ताई, एका ठिकाणी अडकलोय. दोन मिनिटं आहेत का?"

मी हात कीबोर्डवरून काढले.